चांदबिबीची सतार

अहमदनगरहून (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर) पाथर्डीच्या रस्त्याला लागले की काही मैलांवर एक डोंगर दिसू लागतो आणि त्याच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली, दगडी इमारत. नगरात कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल : ‘तो चांदबिबीचा महाल.’ दिवाळीच्या सुटीत पाहुणे आले की त्यांना तिथे नेण्याचा आमच्याकडे परिपाठच आहे. मंडळी कमानीत सतरंजी पसरतात, फराळाचे डबे सुटतात, वारा मनसोक्त अंगावर घेतला जातो. आणि मग कोणी तरी हौशी काका मुलांना सांगू लागतात की, चांदबिबी याच कमानीत बसून सतार वाजवीत असे. मुले डोळे विस्फारून ऐकतात. खाली पसरलेले नगर, पलीकडे मावळणारा सूर्य आणि वाऱ्यावर सतारीचे सूर! चित्र मोठे सुरेख आहे.

दुर्दैवाने त्यातली इमारतही खरी नाही आणि सतारही खरी नाही.

इमारतीचे प्रकरण एका वाक्यात संपते. तो महाल नाही, कबर आहे. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याचे ते चिरविश्रांतिस्थान. तळघरात उतरले की कबरी दिसतात आणि वाद तिथेच मिटतो. परंतु तळघरात उतरतो कोण? वर वारा छान असतो. शिवाय सलाबतखान हे नाव कोणाच्या जिभेवर रुळलेले नाही, चांदबिबीचे आहे. आणि लोकांच्या तोंडी असे फार पूर्वीपासून चालत आले आहे की, ज्याचे नाव मोठे त्याच्या खात्यावर गावातले सारे जमा करावयाचे. पडकी बारव दिसली की ती पांडवांनी एका रात्रीत बांधलेली. त्याच न्यायाने नगरच्या डोंगरावरचा वजीर आपल्याच घरातून बेदखल झाला.

सतारीचे प्रकरण मात्र इतके सोपे नाही. ते शाळेतल्या भाषणांतून, स्नेहसंमेलनांतल्या नाटुकल्यांतून, चरित्रांच्या पहिल्या प्रकरणांतून आपल्या कानावर आलेले असते. चांदबिबीला अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कानडी अशा पाच भाषा येत होत्या. ती सतार वाजवीत असे. फुलांची चित्रे काढण्याचा तिला छंद होता. ही तीन वाक्ये अशी एकमेकींचा हात धरून येतात की, एकीला सोडून दुसरी भेटतच नाही. पाठ करावयास सोपी, ऐकावयास गोड, आणि विरोध करावा असे त्यांत काहीच नाही. ‘सतार वाजवीत असे’ म्हटल्याने कोणाचे काय बिघडले?

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण या लेखाचे सारे प्रयोजन त्याच प्रश्नात आहे. आपल्या प्रत्येक घरात पूर्वजांची एखादी तरी कथा असते. कोणाचे पणजोबा पेशव्यांच्या पंगतीला बसलेले असतात, कोणाच्या आजीच्या पाटल्या थेट सातारच्या वाड्यातून आलेल्या असतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या पाटल्या बाहेर निघतात, कथा पुन्हा एकदा सांगितली जाते, आणि दर वर्षी तिच्यात गुंजभर सोने वाढते. घरात हे चालते. पण पुढे कधी तरी त्या पाटल्या सोनाराच्या काट्यावर जातात आणि काटा निराळेच वजन सांगतो. मग आजीविषयी जे खरे होते, म्हणजे दुष्काळात तिने दाराशी आलेल्या कोणाला विन्मुख पाठविले नाही हे, त्याच्याकडेही माणसे संशयाने पाहू लागतात. खोट्या स्तुतीचे हेच नुकसान आहे. ती खऱ्या स्तुतीची पत घालविते. चांदबिबीची खरी पुंजी इतकी भरभक्कम आहे की, तिच्या गाठोड्यात एकही खोटे नाणे राहू देणे हा तिच्यावर अन्याय होय.

तेव्हा आपण सोनाराचा काटा हाती घेऊ. ऐतिहासिक व्यक्तीविषयी एखादे विधान समोर आले की तीन साधे प्रश्न विचारावेत. हे पाहिले कोणी? त्यातले शब्द त्या काळचे आहेत काय? आणि ज्या व्यक्तीविषयी बोलणे चालले आहे, ती तीच आहे, की त्या नावाची दुसरी कोणी?

पहिला प्रश्न साक्षीदाराचा. चांदबिबीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. तिच्या हयातीतच तिच्या आसपास वावरणाऱ्या माणसांनी ग्रंथ लिहिले. महंमद कासीम फरिश्ता तरुणपणी नगरच्या दरबारात होता आणि १५८९ मध्ये विजापुरास गेला. म्हणजे बाईचे माहेर आणि सासर, दोन्ही घरे त्याच्या पायाखालची. नगरच्याच आश्रयाला असलेल्या सय्यद अली तबातबा याचा ‘बुऱ्हाने मआसिर’ १५९६ पर्यंत येऊन थांबतो. म्हणजे नगरचा पहिला वेढा त्याच्या डोळ्यांसमोरचा. आणि शत्रुपक्षाकडून अकबराचा अबुल फजल, जो अखेरच्या दिवसांत स्वतः दक्षिणेत उतरलेला होता. फरिश्ता आणि तबातबा यांचे ग्रंथ भ. ग. कुंटे यांनी मराठीत आणून ठेवले आहेत, तेव्हा फारसी येत नाही ही सबबही आपल्याला उरलेली नाही.

या साक्षीदारांकडे गेलो की चांदबिबी कशी भेटते? १५९५ च्या डिसेंबरात शहाजादा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांची फौज नगरच्या किल्ल्याला भिडली. गादीवर कोणी बसावे याबद्दल शहरात तट पडलेले, आणि किल्ल्यात एक विधवा बाई व बहादूर नावाचे एक मूल यांचा पक्ष. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या एका माणसाने ते कोठे आहेत याची खबर आत पोचविली. आतल्या लोकांनी दोन निकामी केले आणि तिसऱ्यावर काम चालू असतानाच तो उडाला. तटाला भले मोठे खिंडार पडले. माणसे पळू लागली. त्या क्षणी अंगावर चिलखत, तोंडावर बुरखा आणि हातात नागवी तलवार अशी चांदबिबी खिंडाराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पळणारे थांबले. अंधार पडेपर्यंत हल्ले होत राहिले, आणि रातोरात ते खिंडार पुन्हा चिणले गेले. सकाळी मोगलांनी पाहिले तो समोर भिंत! शेवटी तह झाला. वऱ्हाड गेले, पण बहादूरची गादी मान्य झाली. चांदबिबीला लोक ‘चांद सुलताना’ म्हणू लागले ते तेव्हापासून.

या कथनात तलवार आहे, चिलखत आहे, सुरुंगाची दारू आहे. हे पाहिले कोणी, या प्रश्नाला येथे नावानिशी उत्तर मिळते. सतारीच्या वाक्याखाली मात्र साक्षीदाराची सही नसते. ते ‘असे म्हणतात’ या गृहस्थांच्या जामिनावर फिरत असते. आणि हे गृहस्थ कोठे राहतात ते कोणास ठाऊक नाही.

कथा वाढते कशी, याचा नमुना याच वेढ्यात सापडतो. तोफेचे गोळे संपले तेव्हा चांदबिबीने तोफांतून आधी तांब्याची नाणी डागली, मग रुप्याची, मग सोन्याची, आणि शेवटी स्वतःच्या अंगावरचे जडजवाहीर! वेढ्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिणारा खाफीखान चांदीच्या गोळ्यांचा उल्लेख करतो. आणि १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारा एल्फिन्स्टन ही तांब्यापासून जवाहिरापर्यंतची चढती कमान लोककथा म्हणून नोंदवितो. पाहा, चांदी शतक ओलांडून आली आणि हिरे आणखी एक शतक ओलांडून. घोड्यावर बसून, हातावर ससाणा घेऊन शिकारीस निघालेल्या चांदबिबीची चित्रे आपण पाहतो, तीही तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी आणि त्याहून पुढे रंगविलेली आहेत. म्हणजे तो चेहराही कल्पनेतला. तिच्यासमोर बसून तो काढलेला नाही.

आता दुसरा प्रश्न, शब्दाच्या वयाचा. अबुल फजलाचे ‘आईने अकबरी’ चांदबिबीच्या अखेरच्या काही वर्षांतच पुरे झाले. हा मनुष्य हिशेबी. बादशहाच्या पाकशाळेत तूप किती लागते येथपासून हत्तीच्या रातिबापर्यंत त्याने सारे टिपले आहे. त्याने वाद्यांचीही यादी दिली आहे आणि दरबारच्या कलावंतांचीही, कोण काय वाजवितो यासह. तिच्यात वीणा आहे, रबाब आहे, सारंगी आहे, स्वरमंडळ आहे, तंबूर आहे. सतार नाही. तानसेनाचा काळ, अकबराचा दरबार, तूप मोजणारा लेखक. आणि सतार नाही!

सतारीचे नाव ठसठशीतपणे कानी पडते ते दिल्लीत, १७३९-४० च्या सुमारास. दर्गाह कुलीखान नावाचा दख्खनचाच एक सरदार तेव्हा दिल्लीत होता. त्याने तिथल्या गाणाऱ्या-बजावणाऱ्यांची मोठी रसाळ नोंद करून ठेवली आहे आणि तिच्यात सतार येते. चांदबिबी गेली १६०० मध्ये. मध्ये जवळजवळ दीड शतक गेले. सतारीचे बारसे ज्या दिल्लीत झाले, तिथपर्यंत पोचावयास चांदबिबीला आणखी दीडशे दिवाळ्या पाहाव्या लागल्या असत्या.

या वाद्याच्या नशिबीच खोटी वंशावळ दिसते. सतार अमीर खुस्रोने शोधून काढली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खुस्रो तेराव्या-चौदाव्या शतकातला थोर कवी, वारला १३२५ मध्ये. पुढे संगीताच्या अभ्यासकांनी कागद चाळले तेव्हा सतारीच्या जन्माशी ज्याचा संबंध लागतो तो खुस्रो निघाला अठराव्या शतकातला दिल्लीचा एक खुस्रोखान! नाव सारखे, म्हणून धाकट्याचे कर्तृत्व थोरल्याच्या पदरात पडले. नगरच्या डोंगरावर वजिराची कबर चांदबिबीच्या नावावर चढली, ती याच रीतीने.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही शब्दाला धरून बसला आहात. एखादे तंतुवाद्य ती वाजवीत असेल, तंबूर म्हणा, बीन म्हणा. पुढच्या लेखकाने आपल्या वाचकाला कळावे म्हणून त्याला सतार म्हटले, त्यात एवढे काय? आक्षेप योग्य आहे, आणि मी तो अर्धा मान्य करतो. वाद्य निराळे असू शकेल. पण ज्याने वाद्याचे नाव आपल्या काळातले घातले, त्याने बाकीचे वाक्य तरी तिच्या काळातले ठेवले असेल कशावरून? जुन्या दस्तऐवजात एक शब्द नव्या शाईचा दिसला, तर न्यायाधीश सारा कागद पुन्हा तपासावयास लावतो.

तिसरा प्रश्न नावाचा. हा सर्वांत फसवा. दख्खनच्या इतिहासात संगीताशी जोडलेली एक चांद सुलतान खरोखरीच आहे. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा याने ‘किताबे नवरस’ नावाचे पदांचे पुस्तक दख्खनी बोलीत रचले. निरनिराळ्या रागांत बांधलेली एकोणसाठ पदे आणि सतरा दोहे. सरस्वतीला वंदन करणारा, स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेणारा हा विलक्षण सुलतान आपल्या पदांत आपल्या आवडत्या गोष्टी गुंफतो. त्याचा आतशखान नावाचा हत्ती तिच्यात आहे, मोतीखान नावाचा तंबूर आहे, आणि चांद सुलतान नावाची एक स्त्रीही आहे. ही आपली चांदबिबी असे कोणालाही वाटेल. पण ती नव्हे. ती इब्राहीमची राणी, गोवळकोंड्याच्या कुतुबशाही घराण्यातली मुलगी. आपली चांदबिबी नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी, आणि इब्राहीमची चुलती. एक घर, एक नाव, एक सासू आणि एक सून! दोघींच्या नावांची गल्लत झाली तर पदातला सारा सूर सुनेकडून सासूकडे वाहून यावयास वेळ लागत नाही.

तीन प्रश्न झाले. सतार गेली. मग चांदबिबीचा आणि संगीताचा काही संबंधच नाही की काय?

येथेच खरी गंमत आहे. खोटी वस्तू उचलून बाजूला ठेवली की तिच्याखाली झाकलेली खरी दिसू लागते. चांदबिबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले, ते तालिकोटच्या लढाईपूर्वीच्या जुळवाजुळवीत. सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. लढाई १५६५ च्या जानेवारीतली. म्हणजे राजकारणाने दिलेली ही मुलगी. पण ज्या घरात ती पडली, ते घर पुस्तकांचे आणि सुरांचे होते. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आज ‘जवाहिरुल मूसिकात’ नावाचे एक संगीतविषयक हस्तलिखित आहे. फारसी मजकूर नंतरचा, महंमद आदिलशहाच्या वेळचा. पण त्यातली रागरागिण्यांची चित्रे व मूळचा दख्खनी भाग अली आदिलशहाच्या कारकिर्दीतला, सुमारे १५७० चा, असे अभ्यासकांचे मत आहे. त्या वर्षी चांदबिबी विजापूरच्या वाड्यात राणी होती. ज्या छपराखाली रागांना चेहरे दिले जात होते, त्याच छपराखाली ती राहत होती.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. मूलबाळ नव्हते. गादीवर आला तो त्याचा पुतण्या इब्राहीम, वय वर्षे नऊ. राज्याची आणि मुलाच्या शिक्षणाची देखरेख चांदबिबीकडे आली. पुढची वर्षे काही सुखाची गेली नाहीत. एकामागून एक कारभारी सत्तेसाठी झटत होते. त्यांतल्या किश्वरखानाने तिच्यावर फितुरीचा आळ घेतला आणि तिला चक्क साताऱ्याच्या किल्ल्यात नेऊन डांबले. तिथून ती सुटून आली आणि १५८४ च्या सुमारास माहेरी परतली, तेव्हा इब्राहीम बारा-तेरा वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे मोतीखान तंबूर मांडीवर घेऊन बसणारा, नवरसपूर नावाचे नगर वसविणारा, दख्खनमधला सर्वांत मोठा संगीतवेडा राजा झाला. त्याचे तंबूर वाजवितानाचे चित्र प्रागच्या एका संग्रहालयात आहे. मुलाचे कान तयार होतात ते त्या वयात. त्या वयात त्याच्यावर देखरेख होती ती चांदबिबीची.

यावरून काय म्हणता येईल? चांदबिबीला संगीताची जाण असावी. तिच्या देखरेखीखाली मुलाच्या कानावर चांगले गाणे पडले असावे. आपल्या भाषेने ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. ‘असावी’ आणि ‘होती’ यांत फरक अवघ्या एका अक्षराचा. पण पहिल्यात अनुमान आहे आणि दुसऱ्यात साक्ष. इतिहास लिहिणाऱ्याची आणि सांगणाऱ्याची सारी नीती या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत राहते. ‘असावी’ लिहिताना कसलीही लाज नाही. उलट, वाचकाला आपण किती जाणतो आणि किती ताडतो हे सांगण्याचा तो सरळपणा आहे. लाज आहे ती ‘असावी’चे ‘होती’ करण्यात. सतारीचे वाक्य असेच बनले असावे. आणि पाहा, येथेही मी ‘असावे’ म्हणतो.

मात्र ती तीन वाक्ये पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहा. परभाषा, एक वाद्य आणि फुलांची चित्रे. ही यादी आपण दुसरीकडे कोठे वाचली आहे? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत. घरंदाज मुलीचे लग्न जमावयाचे तर तिला फ्रेंच यावे, पियानो यावा आणि जलरंगात फुले काढता यावीत. फ्रेंचच्या जागी फारसी ठेवा, पियानोच्या जागी सतार. फुले आहेत तशीच राहू द्या. त्या शतकात साहेबलोकांना चांदबिबीचे मोठे आकर्षण होते. निजामाच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या मेडोज टेलरची तिच्यावरची ‘अ नोबल क्वीन’ ही तीन खंडांची कादंबरी १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरीकाराने आपल्या नायिकेच्या हाती काय द्यावे हा त्याचा हक्क आहे, आणि टेलरचे दख्खनवरचे प्रेम खरे होते. पण दिवाणखान्यात शोभावी म्हणून राणीला सजविण्याची ही रीत त्या काळच्या हवेतच होती, आणि आपण ती वारसाहक्काने घेतली.

मिरजेस गेलात तर तिथे सतारमेकरांची गल्ली पाहावयास मिळते. ही मंडळी मूळची शिकलगार, तलवारींना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे दिवस सरले तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाबंदांनी भोपळा आणि तारा हाती घेतल्या, आणि अशी वाद्ये घडविली की मिरजेच्या तंबोऱ्यावाचून मोठ्या गवयाचे पान हलेना. तलवार ठेवून सतार उचलणे हे त्यांचे खरे भाग्य, त्यांच्याच हातांनी घडविलेले. चांदबिबीच्या बाबतीत मात्र हे आपण केले. पुरावा होता तो तलवारीचा. आपल्याला ती थोडी अवघडल्यासारखी वाटली आणि आपण तिच्या हाती सतार दिली. लढणारी बाई मान्य आहे, पण घरी आल्यावर ती फुले काढीत होती ना, एवढी खात्री आपल्याला हवी असते. बाजीप्रभूंना फावल्या वेळचा छंद कोणता होता, हे आपण कधी विचारले नाही.

आणि येथे मला तिच्या आईची आठवण होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफे हुसेनशाही’ नावाचे एक सचित्र हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाच्या आणि तालिकोटच्या विजयाच्या स्तुतीसाठी ते रचले. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली होती : खुंजा हुमायून, चांदबिबीची आई. हुसेन गेल्यावर या बाईने मुलगा मुर्तजा याच्या नावाने काही वर्षे राज्य चालविले. १५६९ मध्ये मुलानेच तिला कैद केले. आणि पुढे कोणी तरी ते हस्तलिखित घेऊन चित्रांतली ती राणी पुसून टाकली. राजा बसला आहे, सेवक उभे आहेत, गादी आहे; आणि शेजारी जिथे एक बाई होती, तिथे आता एक डाग आहे.

आईला पुसली आणि लेकीला रंगविली. पहिली गोष्ट द्वेषाने झाली, दुसरी प्रेमाने. पण दोन्ही वेळा खरी बाई दिसेनाशी झाली. पुसलेल्या जागी निदान डाग तरी उरतो. इथे कोणी तरी होते, एवढे तो सांगतो. वरून चढविलेला रंग तेवढेही सांगत नाही.

आता शेवट. लोक सांगतात की, चांदबिबीने विहिरीत उडी घेतली. फरिश्ता सांगतो ते निराळे आहे, आणि अधिक भयंकर आहे. १६०० मध्ये शहाजादा दानियालची फौज पुन्हा नगरला भिडली. या वेळी किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखले. गड द्यावा, त्या बदल्यात वाट मागावी आणि लहानग्या बहादूरला घेऊन जुन्नरास जावे, असा तिचा विचार होता. हा विचार तिने हमीदखानाला बोलून दाखविला. तो तडक बाहेर धावला आणि रस्त्यारस्त्यांतून ओरडत सुटला की, चांदबिबी फितूर झाली, ती किल्ला मोगलांना विकते आहे. कोणी विचारले नाही की, हे तुला कोणी सांगितले? कोणी विचारले नाही की, ती नेमके काय म्हणाली? जमाव जनान्यात घुसला आणि चार वर्षांपूर्वी खिंडारात उभी राहून जिने त्यांना वाचविले, तिला त्यांनी ठार केले. काही दिवसांतच किल्ला पडला. बहादूर पकडला गेला. ती जे टाळू पाहत होती ते सारे घडले, आणि शिवाय ती गेली.

साताऱ्याच्या कैदेत तिला घातले ते न तपासलेल्या आळाने. नगरच्या वाड्यात तिला मारले ते न तपासलेल्या आरोळीने. चारशे वर्षांनंतर आपण तिच्याविषयी बोलतो ते पुष्कळच गोड बोलतो, हे खरे. पण सवय तीच आहे. कोणी सांगितले, आपण ऐकले, आणि पुढच्याला सांगितले. दुसऱ्या कोणाविषयी नव्हे तर निदान चांदबिबीविषयी तरी आपण आधी विचारावे आणि मग बोलावे.

तेव्हा या दिवाळीत पाहुणे आले तर त्यांना डोंगरावर अवश्य न्या. वारा खरोखरीच छान आहे. कमानीत बसून फराळ करा. पण निघण्यापूर्वी मुलांना तळघरात नेऊन सलाबतखानाची कबर दाखवा. उतरताना नगरच्या किल्ल्याकडे बोट करा आणि सांगा की, चांदबिबी तिथे होती. एका रात्री त्या तटाचे खिंडार चिणून होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मुलांनी विचारलेच की, तिला गाणे येत होते का, तर सांगावे : येत असावे.